नक्षाकाराची फिर्याद

संगणकावर आराखडे काढण्याची जी सॉफ्टवेअरे आज अभियंते, वास्तुविशारद आणि साचे बनवणारे कारागीर यांच्या टेबलांवर ठाण मांडून बसली आहेत, त्यांची घडण जितकी त्यांच्या निर्मात्यांनी केली तितकीच ती वापरणाऱ्यांच्या गाऱ्हाण्यांनीही केली आहे. कोणाला नवी आज्ञा हवी असते, कोणाला जुनी आज्ञा जागची हललेली खपत नाही, कोणाला पडद्यावरची अक्षरे वाचवत नाहीत, तर कोणाला आपले गाऱ्हाणे मांडावे कोठे याचाच पत्ता नसतो; आणि या सर्वांचे अर्ज एकाच दफ्तरात येऊन पडत असल्यामुळे, त्यांपैकी कोणता आधी विचारात घ्यावा व कोणता ‘पुढे पाहू’ असा शेरा मारून बांधून ठेवावा, हा निवाडा कोणाला तरी करावाच लागतो. या निवाड्याचा शिरस्ता काय असावा यावर माझ्या परिचयाच्या दोन माणसांत जो वाद झाला, तो येथे शक्य तितका त्यांच्याच शब्दांत देत आहे.

नात्याने ती मामा-भाची. मामांनी पिंपरीच्या एका कारखान्यात ट्रेसिंगपासून सुरुवात करून मुख्य नक्षाकाराच्या हुद्द्यापर्यंत मजल मारली. टी-स्क्वेअर, शाईचे पेन आणि अमोनियाच्या वासाने भरलेली छपाईची खोली यांतून ते थेट ऑटोकॅडवर आले आणि तेथेच रमले. भाची, ज्यांची दृष्टी अधू आहे किंवा ज्यांचे हात हवे तसे चालत नाहीत अशा विद्यार्थ्यांना संगणकावरचे काम शिकवते, आणि निरनिराळी सॉफ्टवेअरे त्यांना कितपत पेलतात याचे अहवाल लिहिते. मधूनमधून मी माझे मत घुसडले आहे. ते वाचकांनी माझ्याच खात्यावर मांडावे.

मामा : तक्रार करण्याचा अधिकार सर्वांना आहे हे मला मान्य, पण सर्वांच्या तक्रारींचे वजन सारखे नसते. 1982 साली जॉन वॉकर आणि त्याचे सोबती यांनी ऑटोडेस्क ही कंपनी काढली, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात लास व्हेगासच्या कॉमडेक्स प्रदर्शनात ऑटोकॅड मांडले, आणि टेबलावर मावणाऱ्या संगणकावर चालणारे, हजार डॉलरांत मिळणारे असे ते असल्यामुळे, ज्यांनी मोठी यंत्रे कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती अशा लहानसहान कचेऱ्यांत ते शिरले. वापरणाऱ्यांच्या मागण्यांची यादी ठेवण्याची चाल त्यांनी सुरुवातीपासून पाळली. पुढे ‘ऑगी’ नावाची वापरणाऱ्यांची संघटना झाली, आणि मतदान घेऊन अव्वल ठरलेल्या मागण्या कंपनीपुढे ठेवण्याचा प्रघात तिने पाडला. या याद्यांवर हुकमत कोणाची? जो दिवसभर रेघा ओढतो त्याची. आणि ते योग्यच होते. आता माझे हात कसे चालतात ते बघ. डावा कीबोर्डवर, उजवा माऊसवर, नजर रेघेवर. रेघ हवी तर एल, समांतर रेघ हवी तर ओ, वाढीव तुकडा छाटायचा तर टी-आर, आणि तीच आज्ञा पुन्हा हवी तर नुसती स्पेसची कळ. कोपऱ्याला गोलावा देणारी जी फिलेट नावाची आज्ञा, तिची त्रिज्या शून्य ठेवली की दोन रेघांचा नेमका कोपरा जुळतो, ही युक्ती कोणत्याही चित्राच्या बटणावर लिहिलेली नाही. ती एका नक्षाकाराने दुसऱ्याला दिली. अशी सारी घडी बसलेली असताना 2009 च्या आवृत्तीत रिबन नावाचा रुंद पट्टा आमच्या डोक्यावर आणून बसवला, आणि 2015 च्या आवृत्तीत तर जुनी ‘क्लासिक’ मांडणी यादीतूनच काढून टाकली. ज्याला ती हवी त्याने आपली आपण जुळवून घ्यावी! कोणा मुरलेल्या नक्षाकाराने मागितले होते हे?

भाची : मागितले नसेल, मामा. पण मागणाऱ्यांची यादी आणि गरजवंतांची यादी एकच असते असे तुम्ही धरून चालला आहात. त्या मतदानात भाग घ्यायचा तर माणूस आधी ऑटोकॅड वापरणारा असावा लागतो. जो पहिल्याच दिवशी काळ्या पडद्याखाली ‘कमांड’ एवढाच शब्द वाचून उठून गेला, त्याचे मत कोणत्या वहीत चढले? तक्रारी ज्यांच्या नावे दाखल आहेत ते सगळे टिकलेले लोक. न टिकलेल्यांची नोंद कोणी ठेवत नाही, आणि मग नोंद नाही म्हणजे अडचणच नाही असा निष्कर्ष काढला जातो. रिबनची वकिली मी करत नाही. माझ्या कित्येक विद्यार्थ्यांना ती डोईजडच होते. परवाच एक मुलगा, पडद्यावरचे वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर लावून, आराखड्याचे एक सॉफ्टवेअर उघडून बसला. टॅबची कळ दाबत गेला, आणि कानात आवाज येत गेला, ‘बटण. बटण. बटण.’ बटणांना चित्रे होती, नावे नव्हती. शेवटी त्याने तक्रार नोंदवायचे ठरवले, तर अर्जातली पहिलीच अट अशी की अडचण दिसेल असे पडद्याचे चित्र सोबत जोडावे.

मला हसू आले. मामांना आले नाही. सरकारी कचेऱ्यांत हेलपाटे घातलेल्या माणसाला या अटीचे मर्म सांगावे लागत नाही.

मामा : ती अट मूर्खपणाची आहे, कबूल. पण पोरी, आराखडा ही मुळातच डोळ्यांची विद्या. 1963 साली इव्हान सदरलंड याने एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतल्या टीएक्स-2 या यंत्रावर ‘स्केचपॅड’ सिद्ध केले, तेव्हासुद्धा एका हातात प्रकाशलेखणी धरून पडद्यावर रेघ ओढायची आणि दुसऱ्या हाताने बटणे दाबायची, अशीच योजना होती. एक नजर आणि दोन हात, एवढ्या भांडवलावर हे शास्त्र उभे राहिले. ज्याला दिसत नाही त्याने वकिलीत नाव काढावे, अध्यापनात काढावे; आराखड्यातच का डोके घालावे? हे मी निष्ठुरपणे म्हणत नाही.

भाची : निष्ठुरपणे नाही, सवयीने म्हणता. तुम्ही ट्रेसिंग कागदावर काढत होता ते चित्र होते, यात वाद नाही. पण संगणकात जे साठते ते चित्र नसून मापांचे आणि परस्परसंबंधांचे टिपण असते, आणि पडद्यावर दिसते ते त्या टिपणाचे एक रूप. ओपनएसकॅड नावाचे एक मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात आकार माऊसने ओढायचाच नसतो, सारे अक्षरांत लिहायचे. 40 लांब, 30 रुंद, 10 जाड असा ठोकळा लिहायचा आणि त्यातून 8 व्यासाचा दंडगोल वजा करायचा, की भोकाची पट्टी तयार. दंडगोल मात्र 12 उंचीचा घेऊन 1 ने खाली सरकवायचा, म्हणजे तो वरखाली एकेक मिलिमीटर बाहेर राहतो. नेमका 10 चा घेतला तर दोन पृष्ठे एकाच पातळीत येतात आणि भोकाच्या तोंडावर पापुद्रा राहिल्यासारखे पडद्यावर दिसते. माझ्या एका विद्यार्थिनीला उजेड आणि अंधार यांपलीकडे काही दिसत नाही. ती ही वजाबाकी कानाने ऐकत लिहिते, थ्रीडी प्रिंटरवर पट्टी छापून घेते, नख फिरवून भोकाची कड तपासते, आणि भोक सरकले असेल तर नेमक्या ओळीवर जाऊन आकडा बदलते.

मामा : आणि छापून हातात येईपर्यंत?

भाची : तेथेच गाडे अडते. लिहिण्याची वाट मोकळी झाली, लिहिलेले पाहण्याची झाली नाही. आकाराचा जो नमुना पडद्यावर उमटतो त्याबद्दल यंत्र अवाक्षर काढत नाही, आणि एक पट्टी छापायला कधी तास जातो, कधी दोन. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये ‘शेपकॅड’ नावाचा एक प्रयोग मांडला. त्यात खालीवर होणाऱ्या खुंट्यांच्या पटलावर आकार उठतो आणि तो बोटांनी चाचपता येतो. असे पटल माझ्या वर्गात कधी येईल ते येवो. पण तुमची ती कमांड लाईन, जिच्यासाठी तुम्ही सवयीखातर भांडता, ती मला याच कारणासाठी हवी आहे. टंकलेली आज्ञा एका बोटाने देता येते, तोंडात धरलेल्या काडीने देता येते, बोलून लिहवता येते, आणि दिलेली आज्ञा बरोबर उमटली की नाही ते ऐकताही येते. बटणाला नेम धरावा लागतो.

वस्तुतः येथे वाद मिटायला हरकत नव्हती. पण आपले म्हणणे दुसऱ्याने निराळ्याच कारणासाठी मान्य करावे, हे मामांसारख्या माणसाला पराभवाहून अधिक झोंबते. ते लगेच दुसऱ्या मुद्द्यावर सरकले.

मामा : तुझ्या अहवालात तू रंगांवरही टीका केली आहेस. रंगावर भिस्त ठेवू नये म्हणतेस. अगं, आमचे सारे कामकाज रंगांवर चाले. लाल म्हणजे 1, पिवळा 2, हिरवा 3. कोणत्या रंगाची रेघ कागदावर किती जाड उतरवायची याचे कोष्टक ठरलेले, आणि ते कोष्टक ज्याने फिरवले त्याची साहेबापुढे जबानी व्हायची.

भाची : उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे 8 टक्के लोकांना लाल आणि हिरवा यांतला भेद नीट कळत नाही, आपल्याकडे प्रमाण कमी असले तरी नगण्य नाही. त्यांना तुमच्या कोष्टकातल्या 1 आणि 3 मध्ये फरक करणे किती कठीण जात असेल? पण त्याच ऑटोकॅडमध्ये एक गोष्ट फार शहाणपणाने केलेली आहे. वस्तू निवडण्यासाठी चौकट डावीकडून उजवीकडे ओढली तर जे संपूर्ण आत सापडेल तेवढेच निवडले जाते. उजवीकडून डावीकडे ओढली तर जे नुसते चाटून जाईल तेही. पहिली चौकट निळी, दुसरी हिरवी. एवढ्यावरच सोडले असते तर काहींची फसगत झाली असती. पण पहिलीची कड अखंड रेघेची आणि दुसरीची तुटक रेघेची ठेवली आहे. रंग कळला नाही तरी चौकट कळते.

मामा : ही तर आमचीच रीत! झाकलेली कड तुटक रेघेने, मध्यरेषा लांब-आखूड तुकड्यांची, बाह्यरेखा जाड आणि मापाची रेघ बारीक. अमोनिया प्रिंट एकरंगी निघे, त्यामुळे रंगाने काही सांगण्याची सोयच नव्हती. जे सांगायचे ते रेघेच्या जातीने सांगावे लागे. कारखान्यात तेलकट हातांचा फिटर मिणमिणत्या दिव्याखाली तो कागद वाचायचा, आणि त्याला तो वाचता आलाच पाहिजे ही आमची पहिली अट असे. रंग हे नंतरचे चोचले.

भाची : मग माझ्या अहवालात याहून निराळे काय आहे? सॉलिडवर्क्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रेखाकृती मापांनी पुरती बांधली गेली नसेल तर ती निळी दिसते, बांधली गेली की काळी, आणि जास्तीची बंधने पडली की आणखी निराळ्या रंगाची. पण तेवढ्यावर न थांबता यादीत त्या रेखाकृतीच्या नावामागे कंसात उणे किंवा अधिक असे चिन्हही लागते. फ्रीकॅडमध्ये आणखी किती दिशांनी ती हलू शकते ते अक्षरांत लिहून येते. हा तुमच्या तुटक रेघेचाच वंश.

मामा काही क्षण बोलले नाहीत. साक्ष फिरली होती, आणि ती फिरवली होती त्यांनीच. मला स्वतःला असे वाटते की जुन्या ड्रॉइंग ऑफिसांची शिस्त ही जितकी नेमकेपणाची होती तितकीच वाचणाऱ्याच्या लाचारीची जाण ठेवणारीही होती. संगणकाने पडदा रंगीत करून दिला तेव्हा ती जाण गरजेबरोबरच रजेवर गेली.

मामा : बरे, हातांचे बोलू. ज्याचा हात कापतो त्याने काय करावे, असा तुझा पुढचा मुद्दा असणार. तर ऐक. निवडीची जी लहान चौकट माऊसबरोबर फिरते ती ‘पिकबॉक्स’ लिहून आकडा वाढवला की मोठी होते. मग रेघेवर केसाइतका नेम धरायला नको. बिंदूला चिकटण्याची कक्षा ‘अपर्चर’ने वाढते. निवडीची मोठी चौकट बटण दाबून धरून ओढावी लागत नाही. एका कोपऱ्यावर एकदा टिचकी, समोरच्या कोपऱ्यावर दुसरी, मधल्या वेळात हात हवा तितका थरथरू दे. हे सारे कित्येक वर्षांपासून आत आहे. सुगम्यता म्हणून तुम्ही जे मागता ते आम्ही केव्हाच मागून घेतले आहे, फक्त त्या नावाने नव्हे.

भाची : आहे, हे मला ठाऊक आहे, शिकवते ना मी ते. पण मला ते कोणी सांगितले? तुम्ही. ज्या मुलाला तुमच्यासारखा मामा नाही त्याने ‘पिकबॉक्स’ हा शब्द कोठून उपसावा? विहिरीला पाणी आहे, पोहरा मात्र माळ्यावर ठेवलेला. मोजणीच्या वेळी कंपनी म्हणणार की सोय दिलेली आहे, तरी वापरत कोणी नाही, सबब मागणी नाही.

मामा : म्हणून तुला सगळ्या सोयींचे एक वेगळे पान हवे. त्यावर ‘सुगम्यता’ अशी पाटी. मला ते पसंत नाही. अशी पाटी लावली की निम्मे लोक ते आपल्यासाठी नव्हे म्हणून उघडणार नाहीत, आणि ज्यांच्यासाठी आहे त्यांतले काही चारचौघांत उघडायला संकोचतील. निवडीच्या चौकटीचा आकार निवडीच्याच पानावर, रंग रंगांच्या पानावर, अक्षरांचा आकार अक्षरांच्या पानावर. ज्याचे काम अडेल तो तेथेच शोधणार. मोठ्या रेझोल्यूशनच्या 4के पडद्यांवर चिन्हे आणि खिडक्या बारीक होऊन गेल्या तेव्हा ओरड कोणी केली? धडधाकट डोळ्यांच्या लोकांनी. 2018 च्या आवृत्तीत त्यात सुधारणा झाली ती काही सुगम्यतेच्या खात्यातून नव्हे.

भाची : हेच मला सलते. धडधाकट डोळ्यांना बारीक दिसू लागले तेव्हा तो पडद्याचा दोष ठरला. अधू डोळ्यांना आधीपासून बारीक दिसत होते, तेव्हा तो डोळ्यांचा दोष होता. आणि एक सांगते, उद्या तुमचेही डोळे मंदावतील म्हणून आज माझी बाजू घ्या, असा युक्तिवाद मी करणार नाही. तो सगळे करतात. तुमच्यावर कधीच तशी पाळी आली नाही, तरी त्या मुलाची मागणी तेवढीच खरी राहते.

या उत्तराने मामा चपापले, पण वेगळ्या पानाबद्दलचा त्यांचा आक्षेप त्याने खोडला गेला असे मला म्हणता येत नाही. तो आक्षेप खोट्या अभिमानाचा नसून अनुभवाचा आहे. आणि भाचीनेही पुढे तो मुद्दा रेटला नाही.

मामा : तरी क्रम लावावाच लागतो. फ्रीकॅडचेच घे, तू त्याची एवढी तारीफ करतेस, मोफत आहे, उघडे आहे, कोणालाही दुरुस्त करता येते. त्यात घनाकृतीच्या कडांना आणि पृष्ठांना क्रमांकाने नावे पडत. सहाव्या कडेला गोलावा दिला, मग मागे जाऊन एक खाच वाढवली, की क्रमांक सरकत. गोलावा भलत्याच कडेवर जाऊन बसे, नाहीतर सारी रचनाच कोसळे. लोक वर्षानुवर्षे याबद्दल कंठशोष करत होते. एकाने स्वतंत्र शाखा काढून बराचसा तोडगा रचला, आणि अखेर नोव्हेंबर 2024 मध्ये 1.0 ही आवृत्ती निघाली तेव्हा मूळ प्रतीत त्याचा बराच बंदोबस्त झाला. आता सांग, हे आधी करायचे की बटणांना नावे द्यायची?

भाची : हे आधी. त्यात माझा वाद नाही. ज्याचे मॉडेल कोसळते त्याला डोळे असोत वा नसोत, ते कोसळतेच. पण मामा, प्रत्येक आवृत्तीच्या वेळी सर्वांचे काही ना काही मोडलेलेच असते. हा क्रम असाच लावत राहिले तर आमचा अर्ज कायम दुसऱ्या क्रमांकावर राहील, आणि दुसऱ्या क्रमांकाला हात लागण्याआधी नवी आवृत्ती निघेल. म्हणूनच कायदे करावे लागले. अमेरिकेत पुनर्वसन कायद्याच्या 508 व्या कलमात 1998 साली दुरुस्ती होऊन, केंद्र सरकारने घ्यायचे सॉफ्टवेअर अपंग कर्मचाऱ्यांना वापरता आले पाहिजे अशी अट पडली. तेव्हापासून कंपन्या आपले सॉफ्टवेअर कोणत्या निकषाला कितपत उतरते याचे कोष्टक भरून देऊ लागल्या. आपल्याकडे अपंगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा आहे.

मामा : कोष्टके! ‘अंशतः पूर्तता’ असा मोघम शेरा आणि खाली तारीख. तसली कोष्टके मी साऱ्या नोकरीत भरली आहेत. आणि तुझा अहवाल तरी काय वेगळा? ‘सदर सॉफ्टवेअर सुगम्य नाही’ असे तू लिहिले आहेस. फिटरने मला ‘नीट बसत नाही’ असे लिहून पाठवले असते तर मी तो कागद परत केला असता. कोठे बसत नाही? किती कमी पडते? कोणत्या पानावर, कितव्यांदा टॅब दाबल्यावर, काय ऐकू आले आणि काय ऐकू यायला हवे होते? असा तपशील दिला की पलीकडचा प्रोग्रामर टाळाटाळ करू शकत नाही.

भाची : करू शकतो. ‘एकाच व्यक्तीने कळवले आहे’ असे म्हणून प्रकरण बंद करतो.

मामा : मग दुसरा मी. बटणांवरच्या त्या चित्रांतली निम्मी मलाही कळत नाहीत. माऊस वर धरून नाव उमटायची वाट पाहत बसावे लागते. माझे नाव घाल, हुद्दा घाल, किती वर्षे आराखडे काढले ते घाल.

भाची : ते मला नको आहे. तुमच्या हुद्द्याकडे पाहून दाद लागली, तर अनुभवी माणसाच्या शब्दालाच वजन हा शिरस्ता तसाच राहिला, आणि त्या मुलाची तक्रार त्याच्या स्वतःच्या नावावर कधीच उभी राहिली नाही.

मामा : शिरस्ता बदलायला वर्षे जातील. त्या मुलाची परीक्षा केव्हा आहे?

भाची : मार्चमध्ये.

मामा : मग वाद एप्रिलात घालू. त्याचे नाव पहिले, माझे खाली. आवृत्ती कोणती होती ते सांग. नेमका आकडा हवा, अंदाज नको.